कडुलिंबाखाली ती नव्हती

लिंबू-मिरची मी आजवर फक्त स्वयंपाकासाठीच आणलीये. सोसायटीत कुणी नजर, बाधा असले विषय काढले की मी चहाचे कप गोळा करायला उठते... त्यामुळे हे माझ्याच बाबतीत घडलं, याचा मला खरं तर रागच येतो.

आम्ही मूळचे लातूरकडचे. हे चाकणला एका कंपनीत पत्र्याच्या कामाला, प्रेस शॉपला आहेत, घर मोशीत. तिथून जवळच, इंद्रायणीच्या बाजूला लहान मुलांची दफनभूमी आहे. दफनभूमी म्हणजे काय, पडक्या भिंतीच्या आत गाजरगवत आणि त्यात दगड. आपल्यात तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. पुरायला बायका जात नाहीत. आमची पहिली मुलगी पाचवी पुजायच्या आधीच गेली, तेव्हा मी दवाखान्यात होते. हे आणि माझे धाकटे दीर, शिवा भावजी, तिला घेऊन गेले. "कडुलिंबाखाली ठेवली," हे परत आल्यावर म्हणाले. त्यानंतर बारा वर्षं मी काही विचारलं नाही.

यंदा पालिकेचं तिथे भराव टाकून जमीन सपाट करायचं ठरलं. जुनी नोंदवही वाळवीने कधीच खाल्लेली. मग आसपासच्या काही मंडळींनी ठरवलं — रविवारी घरच्यांनी येऊन आपापली जागा दाखवायची, दगडावर रंगाने नंबर टाकायचा, फोटो आणि मोबाईलवरचं लोकेशन घ्यायचं. दाखवलेल्या जागांवर छोटा कट्टा होणार होता, बाकीच्यांवर मुरूम. माझं टायपिंग बरं, म्हणून नोंदींचा लॅपटॉप माझ्याकडे आला. मी हो म्हणाले. काही वाटत नव्हतं, खरंच. दुसऱ्यांच्या बाळांच्या नोंदी करताना मी संध्याकाळच्या भाजीचा विचार करत होते.

ह्यांनी कडुलिंबाखालचा एक दगड दाखवला. नंबर टाकणारे काका रंगाचा डबा उघडायला लागले. माझ्या स्क्रीनवर ऊन येत होतं, म्हणून मी खुर्ची उचलून कोपऱ्यातल्या नळापाशी, भिंतीच्या सावलीत नेली. बसले... आणि ब्लाऊज ओला झाला.

आधी वाटलं पाण्याची बाटली सांडली. बाटली बंद होती. मला दूध येत होतं. धाकटा मुलगा चौथीत आहे माझा, कधीचं आटलेलं... पदर घट्ट लपेटून मी कडुलिंबापाशी गेले. थांबलं. परत नळापाशी आले — पुन्हा सुरू.

"अहो," मी म्हणाले, "ती इथंय."

 मी पदर जरा बाजूला केला, तसं ह्यांनी सांगून टाकलं.

"मी गेटपर्यंतच गेलो होतो गं. पुढं पाय उचलेना. कडुलिंबाखाली ठेव म्हणालो आणि शिवानंच आत नेलं तिला."

त्यांनी तिथूनच लातूरला फोन लावला, स्पीकरवर. "शिवा, बाळाला कुठं ठेवलास रे?"

"नळाजवळ की, दादा. भिंतीच्या कोपऱ्यात. तुम्ही लिंबाखाली म्हणलाव, पण तिथं मुळ्याच लई, खोदता येईना. आता का विचारायलाव?"

ह्यांनी फोन ठेवला. काकांनी नळाशेजारी नंबर टाकला. मुलीचं बारसं झालंच नव्हतं, म्हणून नावाचा रकाना मी रिकामा सोडला.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट नॉर्मल आले. ताणाने होतं कधीकधी, म्हणाल्या. होत असेल. पण मग कडुलिंबाखाली का थांबलं?

आता कट्टा बांधून झालाय. हे सेकंड शिफ्टला गेले की मी दुपारची तिथे जाऊन बसते. कुणी नसतं. पदर सैल सोडते आणि वाट बघते. अजून एकदाही दूध आलेलं नाही.