भाभीचा ओला अंगठा

आमच्याकडे रविवारी जेवणं आटोपली की पत्ते असतात, आणि पत्ते म्हणजे आता पोकर. लॉकडाऊनमध्ये मुलगा घरी अडकला होता, त्याने कंटाळून आम्हाला शिकवला. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली, मग मध्ये पाच उघडी, आणि लावायला चिंचोके. मुलगा नोकरीवर परत गेला, खेळ इथे राजुऱ्यात आमच्याकडे राहिला.

खेळणारे आम्ही चौघं. मी निवृत्त शिक्षिका. माझे यजमान आरोग्य खात्यात होते, त्यांची सारी नोकरी कुरखेड्याकडच्या गावांत पायपीट करण्यात गेली. समोरच्या घरातले भाऊ कोळशाच्या खाणीत फिटर होते, बायको गेल्यापासून एकटेच राहतात. आणि शेजारची भाभी, अर्ध्या गल्लीचे ब्लाउज शिवणारी.

नियम माझे, कारण सतरंजी माझी. एकाने पिसायचे, त्याच्या उजवीकडच्याने वाटायचे. वाटताना पान उताणं पडलं तर सगळं गोळा करून पुन्हा वाटायचं. डाव सोडलेल्याने तोंड बंद ठेवायचं. आणि जिभेला अंगठा लावून पत्ते वाटायचे नाहीत. हा शेवटचा नियम खास भाभीसाठी. सुईत ओवायचा दोरा ओठांत ओला करायची तिची जन्माची सवय, त्यामुळे पत्ते हातात आले की अंगठा आपोआप जिभेकडे जातो. मी दर रविवारी ओरडते, "भाभी, अंगठा." ती दर रविवारी "हो बाई, चुकलं" म्हणते आणि पुढच्याच पानाला पुन्हा तेच करते. मला किळस येते, खरंच सांगते. पत्ते काही धुता येत नाहीत.

भाऊंच्या वाटण्याला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक पान ज्याच्या त्याच्या गुडघ्यापाशी येऊन थांबायचं. मागच्या उन्हाळ्यात ते बिघडलं. दोन पानं एकदम जाऊ लागली. कोणाच्या हातात तीन यायची, मी पुन्हा वाटायला लावायची, आणि पुन्हा तेच व्हायचं. लक्ष कुठं आहे म्हणून मी त्यांना चांगलंच फटकारलं. चष्मा बदलावा लागेल, म्हणून भाऊ हसले.

माझे यजमान हसले नाहीत. ते भाऊंच्या हातांकडे बघत होते. तेवढ्यात चहा झाला. स्टीलचे ग्लास पोळत होते म्हणून मी पदराने धरला, भाभीने ओढणीने. भाऊंनी मात्र काठोकाठ भरलेला ग्लास उघड्या बोटांनी धरला होता आणि निवांत गप्पा मारत होते.

यजमानांनी पत्ते बाजूला सारले. भाऊंना डोळे मिटायला सांगितलं आणि पेनच्या टोकाने त्यांची बोटं टोचत विचारलं, कुठं लागतंय? भाऊ काहीच बोलेनात. अजून सुरूच केलं नाही, असं त्यांना वाटत होतं. मग यजमानांनी त्यांची बाही वर केली. कोपराखाली फिकट चट्टा होता. गजकर्ण समजून भाऊ त्याला मलम लावत होते.

सरकारी दवाखान्यात निदान झालं, कुष्ठरोग. आमच्या भागात हा शब्द नवा नाही, पण तो आपल्या सतरंजीवरच्या माणसाला चिकटेल असं कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, औषध सुरू झालं की हा दुसऱ्याला लागत नाही, आणि बोटं वाकडी व्हायच्या आत आलात हे फार बरं झालं. यजमान घरी येऊन पंख्याखाली बसले आणि बराच वेळ नुसते "वाचला, वाचला" म्हणत राहिले.

पण भाऊंनी येणं बंद केलं. परस्पर कळण्यापेक्षा बरं म्हणून भाभीला त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं. ती काय म्हणाली, असं मी विचारलं. काहीच नाही, मशीन चालवत राहिली, म्हणाले. ते ऐकून माझाही धीर खचला. भाभीच्या घरात लहान नातवंडं. ती भाऊंशेजारी बसायला नाही म्हणाली, तर तिला कोणत्या तोंडाने बोलणार?

शेवटी एका शनिवारी मी चिडून त्यांच्या दारात गेले. तिघांत डाव रंगत नाही, उद्या या, म्हणून हुकूमच सोडला. भाऊ खाली बघत होते.

"बाई, पत्ते साऱ्यांच्या हातात जातेत. तुमी तोंडानं काई म्हणणार नाई. पण कोन पान कसं उचलून राह्यलं, ते मले दिसन ना."

या म्हणजे या, एवढं म्हणून परत आले.

मुलाने पाठवलेला पत्त्यांचा प्लास्टिकचा नवा कॅट कपाटात पडून होता. तो काढावा की नाही, यावर रविवारी सकाळी माझा स्वतःशीच वाद झाला. नवा काढला तर भाऊंना वाटणार, जुना फेकला. मी जुनाच सतरंजीवर ठेवला.

भाऊ आले. औषधाने चेहरा काळवंडला होता. भाभी आली आणि नेहमीसारखी त्यांच्या उजवीकडे बसली. पिसायची पहिली पाळी मी भाऊंना दिली. ते पिसत राहिले, पिसतच राहिले. पत्ते खाली ठेवेनात की पुढे करेनात.

भाभीने हात पुढे केला. "काऊन भाऊ, पत्ते पिसून राह्यले का इस्त्री करून राह्यले? द्या मले."

तिने त्यांच्या हातातून कॅट घेतला, अंगठा जिभेला लावला आणि पहिलं पान भाऊंपुढे टाकलं. पुन्हा जिभेला लावला, दुसरं यजमानांपुढे. मी सवयीने ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझं उतरलं होतं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग भाभीकडे.

"भाभी, अंगठा," ते अगदी माझ्या सुरात म्हणाले.

"हो भाऊ, चुकलं," म्हणत भाभीने अंगठा पुन्हा ओला केला आणि माझं पान माझ्यापुढे टाकलं. मी ते ओलसर पान उचललं.