मालूताईंचा हत्ती

सिंदी मेघेला माझ्या घरी दर रविवारी दुपारी आम्ही तिघी लोकरीची छोटी खेळणी विणायला बसतो. सहा महिन्यांत खेळणी झाली चार आणि किस्से झाले चाळीस! मी शाळेत शिक्षिका, वंदना सरकारी ऑफिसात क्लार्क, आणि समुद्रपूरकडच्या मालूताईंचा जन्म शेतीत गेलेला. त्यांची पाच वर्षांची नात इरा पुण्यात असते. व्हिडिओ कॉलवर ती फोन गादीवर टाकून आजीला छताचा पंखा दाखवते आणि पळून जाते. "माह्या हातचं काही तरी तिच्यापाशी पाह्यजे," म्हणून मालूताईंनी क्रोशाची सुई धरली. इराला हत्ती आवडतो, एवढंच त्यांना माहीत होतं.

*

पहिला नियम ठरला, टाके मोजणाऱ्या बाईशी बोलायचं नाही. एकदा गॅसवर दूध होतं. करपल्याचा वास तिघींनाही आला. माझा नववा टाका चालू होता, वंदनाचा चौदावा. मालूताईंनी नुसतं बोटानं स्वयंपाकघर दाखवलं. कोणीच उठलं नाही. दूध गेलं, भांडं गेलं, वर माझे दोन टाके कमीच भरले.

*

माझं पहिलं खेळणं म्हणजे ससा. कान लांबले, पोट चपटं राहिलं. सकाळी पाहते तर आमचे हे त्याच सशानं गॅसवरून चहाचं पातेलं उतरवत होते! मी भडकले. हे शांतपणे म्हणाले, "मले वाटलं, सांडशीच्या बदल्यात केलं तू. चांगलं आहे, हात नाई भाजत."

माझ्या हातकामाचं त्यांनी केलेलं हे पहिलंच कौतुक.

*

वंदनानं अस्वलाचे हात, पाय, डोकं वेगवेगळ्या पाकिटांत ठेवले, वर नावं लिहिली. सगळं भरून शिवल्यावर लक्षात आलं, डोळे राहिले, आणि ते तर आतून अडकवायचे असतात. मग तिनं दोन टिकल्या चिकटवल्या. पुढे एका लग्नाला निघताना सासूबाईंना टिकली सापडेना. त्यांनी अस्वलाचा एक डोळा काढून कपाळाला लावला.

"आई, त्याले दिसन कसं?"

"एका डोळ्यानं पाह्यते तो. लग्नाले थोडाच येऊन राह्यला?"

*

मालूताईंनी हत्ती चार वेळा उसवला. एकदा सोंड भलतीच लांब झाली. वंदना म्हणाली, "काकू, हत्तीच्या आधी सोंडच पुण्याले पोचते." मालूताई हसल्या नाहीत. "पोरगी फोनवर येऊनच नाई राह्यली. हत्ती तरी राहो तिच्यापाशी." आम्हाला आमचीच लाज वाटली.

पाचव्यांदा हत्ती जमला, पण पोटात भरायचा फायबर संपला. "घरी कापूस असताना विकतचं काऊन भरू?" म्हणत त्यांनी शेतातला कापूस आणला आणि हातानंच सरकीच्या बिया काढल्या. चष्मा न लावता. हत्ती पुण्याला गेला. दोन आठवडे तिकडून काहीच आलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

गेल्या रविवारी त्यांचा फोन वाजला. स्पीकरवर इरा होती, स्वतःहून.

"आजी, मी हत्तीला आंघोळ घालून गॅलरीत ठेवलं होतं. त्याच्या पोटातून पानं आलीत. आई म्हणते टाकून दे. मी नाही टाकणार. त्याला पाणी रोज घालू?"

मालूताईंनी सुई बाजूला ठेवली.

"रोज नको, बेटा. दिवसाआड घाल. अन् उन्हात ठेवजो त्याले."

"बरं. उद्या परत फोन करते, अजून काय विचारायचं ते लिहून ठेवते."