कासारेने बरोबर सांगितलं होतं

दुसऱ्याचं बोलणं आम्हाला मराठीत सांगण्याआधी वसंत कासारे डोळे मिटून घ्यायचा. पोस्टवर, बाजारात, भर रस्त्यात, कुठेही. समोर एखादी म्हातारी हातवारे करून तमिळमध्ये काहीतरी सांगते आहे, आमची बोटं रायफलच्या घोड्याजवळ, आणि हा गडी डोळे मिटून तिचा शेवटचा शब्द ओठांतल्या ओठांत घोळवतो आहे. मग डोळे उघडून तो सावकाश सांगायचा. हवालदार मोरे त्याला म्हणायचा, "कासाऱ्या, डोळं उघडं ठेव की, न्हाईतर कोणतरी कायमचं मिटवंल." त्यावर कासारेचं उत्तर ठरलेलं. "शब्द तिचा आहे, तोंड माझं आहे. मध्ये काही सांडायला नको."

ही लंकेतली गोष्ट. किनाऱ्यावरच्या एका लहान गावात आमची पलटण शांतता राखायला म्हणून गेली होती. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांना आमच्यामुळे झाला तेवढा त्रास पुरे. मी नायब सुभेदार, लालबागचा. कासारे लान्सनायक, परळच्या चाळीतला. बाकीची पोरं सातारा-सांगलीकडची, त्यामुळे मुंबईचे म्हणून आम्ही दोघं जरा जवळ. मी त्याला 'तू' म्हणायचो, तो मला 'साहेब'. भरती होण्याआधी चार वर्षं तो माटुंग्याला एका तमिळ खानावळीत वाढपी होता. केळीची पानं मांडता मांडता भाषा शिकला. पलटणीत तमिळ येणारा तो एकटाच, म्हणून लिहिलेल्या हुकमाशिवायच तो आमचा दुभाष्या झाला.

सुरुवातीला त्याची पंचाईत व्हायची. माटुंग्याचं तमिळ वेगळं, तिथलं वेगळं. गावातल्या बायका त्याचं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावून हसायच्या. तो रात्रंदिवस त्यांचे शब्द गोळा करत बसायचा. त्यातलाच एक 'पोडियन'. तिकडे पोडियन म्हणजे मुलगा, पोरगा. आईचा पोरगा तो पोडियन, आणि रानात बंदूक घेऊन लपलेली पोरं तीही पोडियन. आमच्या जवानांनी हा शब्द दुसऱ्या अर्थाने तेवढा उचलला होता. पोडियन म्हटलं की आमच्या अंगावर काटा यायचा. कासारे प्रत्येक गस्तीआधी बजावायचा, "प्रत्येक आईला एक पोडियन असतो. शब्द ऐकून घाबरू नका, सांगणारीचं तोंड बघा." मी ते ऐकायचो. मला ते पटायचंही.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

सकाळची गस्त होती. आदल्याच आठवड्यात आमचे दोन जवान गेले होते. एका गल्लीत एका घराचं दार बंद दिसलं. मी दार उघडा म्हणून ओरडलो. एक बाई बाहेर आली, हात जोडून रडत भराभर बोलू लागली. तिच्या बोलण्यातला 'पोडियन' मी स्वतः ऐकला. कासारेने डोळे मिटले, उघडले आणि स्वच्छ मराठीत मला सांगितलं, "साहेब, तिचा पोरगा आत आहे. तापाने फणफणलाय. नऊ वर्षांचा आहे." हे त्याचे शब्द. मी ते पूर्ण ऐकले होते. तेवढ्यात बाजूची खिडकी हलली आणि मी गोळी झाडली.

आईचं रडणं ऐकून पोरगा खिडकीत चढला होता, त्याच्या गुडघ्याखाली लागली. कासारेने त्याला पाठीवर घेतलं आणि इस्पितळापर्यंत धावत नेलं. पाय राहिला नाही.

चौकशी झाली. मी जबाबात लिहिलं की घरात लढणारे लपले आहेत असं दुभाष्याने सांगितलं, भाषेच्या गोंधळामुळे हे घडलं. गस्तीतले बाकीचे लांब होते, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. कासारेने आपलं म्हणणं मांडलं. पण मी साहेब, तो लान्सनायक, आणि तमिळ तपासून बघणारं तिथे कोणी नव्हतं. त्याला दुभाष्याच्या कामावरून काढलं, मग मागे पाठवलं. त्याची बढती थांबली ती थांबलीच. लान्सनायक म्हणून गेला होता, लान्सनायक म्हणूनच घरी आला. मी सुभेदार होऊन निवृत्त झालो.

परळला येऊन तो गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये पहारेकरी म्हणून लागला. मी लालबागला, तो परळला. भाजी घ्यायला गेलं तरी गाठ पडायची. त्याने मला एकदाही जाब विचारला नाही. मात्र टोमणा मारल्याशिवाय कधी सोडलं नाही. दादरला आम्हा जुन्या जवानांचा वर्षातून एकदा मेळावा व्हायचा. तिथे नवीन माणूस दिसला की कासारे माझी ओळख करून द्यायचा, "हे आमचे सावंतसाहेब. यांना माझ्यापेक्षा बरं तमिळ समजतं." लोक हसायचे. मीही हसायचो.

त्या मेळाव्यातच मोरेच्या डोक्यात आलं की एकदा तिकडे जाऊन यावं. लढाई कधीच संपलेली, विमानं सुरू होती, आमची गुडघेदुखी वाढायच्या आत जाऊ म्हणाला. माझ्यासकट चार जण तयार झाले. दुभाष्या हवा म्हणून मोरेने कासारेला गळ घातली. तो नाही म्हणेल अशी माझी खात्री होती, खरं म्हणजे आशाच होती. तो म्हणाला, "येतो. त्या पोराला बघायचंय." विमानात तो माझ्या शेजारी बसला. माझा चेहरा वाचला असावा. सुपारी चघळत म्हणाला, "घाबरू नका साहेब. मी कधी पदरचं काही बोलतो का?"

गाव ओळखू येत नव्हतं. आमचा कॅम्प होता तिथे मोबाइलची दुकानं. मोरेने सगळ्यांना ओळीत उभं करून फोटो काढले. आम्ही इथे संडास होता, तिथे वाळूच्या पोत्यांचा मोर्चा होता असं बोटं दाखवत फिरलो. लोक आमच्याकडे बघून आपल्या कामाला लागत होते. कासारे एकटा बोलत होता. एका मासेवाल्याने त्याचं बोलणं ऐकून तू कुठल्या गावचा असं विचारलं. कासारेने छाती काढून सांगितलं, "माटुंगा." मासेवाला बराच वेळ विचार करत राहिला.

ती गल्ली कासारेनेच शोधून काढली. घर आता पक्कं होतं, पुढे सायकली दुरुस्त करायचं दुकान. दुकानात चाळिशी ओलांडलेला एक माणूस. उठून उभा राहिला तेव्हा चालण्यावरून कळलं. त्याने आम्हाला बघून पँट जरा वर केली, कृत्रिम पाय दाखवला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला की हा तुमच्या देशात बनलेला आहे, चांगला टिकतो. त्यात राग नव्हता. त्याची आई आतून आली. पाठ वाकलेली, पण नजर तीच. तिने पाच जणांना ओसरीत बसवलं आणि पाण्याची भांडी आणली.

मला तिने ओळखलं नाही. टोपीतला चेहरा तिने क्षणभर पाहिलेला. कासारेला मात्र ओळखलं, कारण तिचं बोलणं ऐकणारा तोच होता. ती त्याच्यासमोर उभी राहून हळू आवाजात काहीतरी बोलली. कासारेने डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. मग आमच्याकडे वळला.

"ती मला विचारते, मी तर तुला पोरगा आजारी आहे म्हणून सांगितलं होतं. तू यांना काय सांगितलंस?"

मोरे आणि दुसरे दोघे माझ्याकडे बघत नव्हते, कारण त्यांना माझा जबाबच खरा वाटत होता. ते कासारेकडे बघत होते. कासारे माझ्याकडे.

"साहेब," तो म्हणाला, "काय सांगितलं होतं मी?"

एवढंच बोलायचं होतं की त्याने बरोबर सांगितलं होतं. तीन-चार शब्द. मी त्या मुलाच्या पायाकडे बघितलं, मोरेकडे बघितलं, आणि म्हणालो, "जाऊ दे ना कासारे. आता ते कशाला उकरायचं?"

तो तिच्याकडे वळला आणि या वेळी डोळे न मिटता बोलला. 'नान' हा शब्द मला कळला. नान म्हणजे मी. एवढं तमिळ मला येत होतं.

बाईने त्याच्या हातातलं पाण्याचं भांडं काढून घेतलं. दाराकडे बोट केलं. कासारे उठला, चपला घालून रस्त्यापलीकडच्या दगडावर उन्हात जाऊन बसला. तिने आम्हा चौघांना चहा दिला. मी तो प्यायलो. तिच्या मुलाने मला दुकान दाखवलं, त्याच्या मुलीचा फोटो दाखवला. दारातून मला कासारेची पाठ दिसत होती.

परत येताना बसमध्ये मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि विचारलं की तू असं का सांगितलंस.

"पदरचं काही बोललो नाही," तो म्हणाला. "साहेबांनी जबाबात सही करून जे लिहिलंय तेच तिला सांगितलं. तुम्ही ते खोडलं नाहीत." मग खिडकीबाहेर बघत, "दुसऱ्याच्या दाराबाहेर बसणं माझ्या आज्याने भोगलं. माझ्या बापाने ते मोडलं. मला तुम्ही पुन्हा बसवलंत."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "मला नका सांगू. मी तिथे होतो."

त्यानंतर तो मेळाव्याला आला नाही. रस्त्यात मी दिसलो की पलीकडच्या फुटपाथवर जायचा. टोमणे बंद झाले तेव्हा मला कळलं की ते टोमणे म्हणजे त्याने माझ्यासाठी उघडं ठेवलेलं दार होतं, आणि इतकी वर्षं मी हसून ते टाळत आलो होतो. मागच्या वर्षी तो गेला. कामावर असतानाच, खुर्चीत बसल्या बसल्या. मला मोरेकडून कळलं.

पुण्यानुमोदनाला मी गेलो. चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत मांडव होता. वंदना झाली, त्याच्याबद्दल लोक बोलले. टॉवरमधला एक गुजराती म्हातारा त्याच्याबद्दल बोलताना रडला. मग मी उठलो आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं. गोळी, जबाब, चहा. मोरे मान खाली घालून बसला होता. तो नंतर मला म्हणाला, "साहेब, आता माणूस गेल्यावर कशाला?" त्याचं बरोबर होतं.

कासारेची बायको सुमनवहिनी पालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. ती पुढच्या ओळीत बसलेली. लोक उठल्यावर ती माझ्याकडे आली. मला वाटलं, हाकलून देईल. ती म्हणाली, "आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांनी पत्रातच कळवलं होतं. बोललात ते हवेत जाईल. तेव्हा लिहून दिलं होतंत ना? आताही लिहून द्या."

तिच्या खोलीत, खाटेवर बसून मी लिहिलं. तारीख आठवली तशी घातली, गाव घातलं, माझा हुद्दा घातला. दुभाष्याने योग्य तेच सांगितलं होतं, असं लिहिलं. खाली सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावून तपासायला घेतलेल्या वहीसारखा वाचला. एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, 'तेवढ्यात माझ्या हातून गोळी सुटली.'

"हे नको," ती म्हणाली. "सुटली नाही. कर्ता लिहा."

मी ओळ खोडली आणि लिहिलं, 'सगळं ऐकून झाल्यावर गोळी मी झाडली.'

तिने पुन्हा वाचलं, कागदाची घडी घातली आणि कपाटात त्याच्या मेडलांच्या डब्यात ठेवला. मग माझ्यापुढे दुसरा कोरा कागद ठेवला.

"हा आमच्यासाठी झाला. आता त्या बाईसाठी लिहा. आणि तमिळ करणारा तुम्हीच शोधा. आमच्या घरातला गेला."