हुकूमशहाची बायको आणि माझी लेक

मागच्या हिवाळ्यात मी मोबाइलवर एक माहितीपट पाहिला. कुठल्याशा दूरदेशीच्या हुकूमशहाची बायको. तिचं माहेर कुठलं, मुलं किती, कुणालाच धड ठाऊक नाही. म्हणून चार शहाणी माणसं तिचे फोटो मोठे करकरून पाहत होती. इथे ती हसते आहे, इथे नवऱ्याच्या मागे उभी आहे, इथून पुढे वर्षभर दिसलीच नाही.

"कायले पाहून राह्यली ते?" नवरा म्हणाला. "आपलं काय लेनंदेनं तिच्याशी?"

काय सांगणार? मीही तेच करत होते. बाभुळगावातल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून, रोज.

लेक महागावला देऊन दीड वर्ष झालं होतं. तिचा मोबाइल म्हणे बिघडला, आणि सहा महिने काही दुरुस्त होईना. जावयाच्या मोबाइलवरून, स्पीकर लावून, ती दोन वाक्यं बोलायची. मागे कुणीतरी खाकरायचं की फोन बंद. दिवाळीलाही पाठवली नाही. मग उरले जावयाचे स्टेटस. कुणाचं बारसं, नवा ट्रॅक्टर, सत्यनारायण. मी बोटांनी फोटो ताणून तिला शोधायची. दिवाळीनंतरच्या एकाही फोटोत ती नव्हती.

माहितीपटातला एक जाणकार म्हणाला, ती दिसत नाही, म्हणजे बहुधा बाळंतपण असेल. आणि आमच्या घरातला जाणकार म्हणाला, "आपल्या पोरीलेबी दिवस गेले असतीन." माझं डोकंच फिरलं. बाई दिसेनाशी झाली की या पुरुषांना दुसरं काही सुचतच नाही का?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी एकटीच निघाले. यवतमाळला गाडी बदलली. देवा, फक्त दोन मिनिटं ती एकटी भेटू दे, एवढंच वाटभर म्हणत होते.

विहीणबाईंनी ओसरीत खुर्ची दिली आणि स्वतः शेजारी ठाण मांडून बसल्या. लेक आली. वाळली होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "बरी आहो मी, आई." आणि आत गेली.

"तुमी तं लेकीच्या घरी जेवत नाही," विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या. "एकची गाडी भेटीन तुमाले."

खरं होतं. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं अन्न खात नाहीत. मी तर पाण्याची बाटलीही घरून नेली होती. याच रीतीपायी आजवर दरवेळी अर्ध्या तासात उठून आले होते, आणि त्यांना ते बरोबर माहीत होतं.

"वाढा," मी म्हणाले. "आज जेवूनच जाईन."

"आन् रीत?"

"चुलीत गेली रीत."

विहीणबाईंचा चेहरा उतरला, पण पाहुणीला नाही कसं म्हणणार? ताट आलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी. लेक वाढत होती आणि सासू दारात उभी होती. दोन मिनिटंही आम्हाला एकटं सोडणार नव्हती. मला रडू फुटत होतं. इतकी लाचार मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

लेक भाजी वाढायला वाकली. ओठ न हलवता, मलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आई, हळू हळू जेव."

मी एकेक घास चावत राहिले. बाहेर एकची गाडी हॉर्न वाजवून गेली. मी आणखी एक भाकर मागितली.