रिकामा कंस

आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे कंसबाई म्हणत. हे नाव मीच पाडलं होतं, आणि कौतुकाने मुळीच नव्हे.

निधनवार्तांच्या टेबलावर मी बावीस वर्षांपासून, ती अवघ्या तीन. माझ्या बातमीत नाव, वय, मागे राहिलेली माणसं आणि पूर्णविराम. हिचं तंत्रच वेगळं. एकदा एका पोस्टमनचा मुलगा वडिलांची बातमी द्यायला आला. रडून डोळे सुजलेले. हिने त्याला पाणी दिलं आणि सरळ विचारलं, घरात सगळे कशावरून वैतागायचे त्यांच्यावर? दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'निवृत्त पोस्टमन (घराला कुलूप लावून ते तीनदा ओढून बघत) यांचे निधन झाले. त्यांच्या मागे पत्नी, मुलगा – आणि 'माझं नाही' असं ज्याच्याबद्दल ते शेवटपर्यंत म्हणत राहिले ते मांजर – असा परिवार आहे.'

त्यानंतर लोक दारातूनच विचारू लागले, त्या बाई आहेत का? मी समोर रिकामा बसलेला, पण माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना. माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? जागा नाही म्हणून मी तिचे कंस उडवायचो. ती भांडायची नाही. दुसरीकडच्या दोन ओळी छाटून कंस पुन्हा आत घ्यायची, आणि त्याने मी जास्तच चिडायचो.

माझ्या आईने ऐंशी कधीच ओलांडली. रोज सकाळी ती आधी आमचंच पान वाचते. एकदा चष्मा पुसत सहज म्हणाली, "माझं मात्र त्या बाईंकडून लिहून घे हं."

तळपायाची आग मस्तकात गेली. सख्ख्या मुलाला सोडून परकीकडून? त्याच दुपारी मी आईची बातमी लिहून काढली. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. दोन स्वल्पविराम, एक पूर्णविराम. आईने शांतपणे वाचली आणि कागद परत दिला.

"छान आहे रे. पण ही बाई कोण?"

शेवटी नाक मुठीत धरून तो कागद मी कंसबाईच्या टेबलावर ठेवला. ती हसेल असं वाटलं होतं. तिने तिन्ही विशेषणं खोडली, आईच्या नावापुढे एक कंस काढला, आत काहीच न लिहिता तो बंद केला आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"आतलं मी कधीच लिहीत नाही. घरचे सांगतात, मी फक्त दोन्ही बाजूंनी कंस घालते. सांगा."

मी पंधरा मिनिटं बसून राहिलो. त्रेपन्न वर्षं एका घरात काढली, तिच्या हातचं जेवलो, आणि एक ओळ सुचेना. पोस्टमनच्या पोराने ते कुलूप हुंदके देत देत एका दमात सांगितलं होतं.

कागद अजून माझ्या खिशात आहे. संध्याकाळी आई मटार सोलत बसते, मी समोर बसून बघतो. काय बघतोस, विचारते. काही नाही म्हणतो. कंसबाईवर मी आता पूर्वीइतका जळत नाही. जळतो तो त्या पोस्टमनच्या मुलावर.