पगारही तेलाचा, पेन्शनही तेलाची

सुनीतावहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या लिफ्टपाशी उभा होतो. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मागे त्यांची मुलगी मैत्रेयी दुसऱ्या फोनवर कोणाला तरी इंग्रजीत स्पेलिंग सांगत होती, बापाच्या नावाचं. माझा मित्र अनिल तेव्हा इथे सिंगापुरात नव्हता. या वर्षाच्या सुरुवातीला तो एकटाच आखातातल्या एका तेलप्रकल्पावर कंत्राटी कामाला गेला होता. कामावर निघताना त्याच्या छातीत कळ आली आणि कॅम्पच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या वयात, त्या उन्हात तो का गेला, हे मला ठाऊक आहे. ते न सांगता त्याच्याबद्दल चांगलं चांगलं लिहिणं मला जमणार नाही.

आमची ओळख मुलांच्या मराठीच्या वर्गामुळे झाली. दर शनिवारी बुओना व्हिस्टाजवळ वर्ग भरायचा. अनिल चोआ चू कांगहून मुलीला घेऊन यायचा, मी टॅम्पिनीसहून मुलाला, आणि वर्ग सुटेपर्यंत आम्ही बापलोक खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्यापिण्याच्या गाळ्यांपाशी, बसायचो. अनिल मूळचा नांदेडचा, जुरॉंगच्या एका रिफायनरीत सुरक्षा विभागात इंजिनीअर. मी बँकेत कॉम्प्युटरची कामं बघतो एवढ्यावरून त्याने मला "शेठ" करून टाकलं होतं. कॉफी आली की तो चमच्याने तळ ढवळून साखर किती राहिली ते बघायचा. "इन्स्पेक्शन झाल्याशिवाय प्लांट सुरू नाही करायचा, शेठ."

एम्प्लॉयमेंट पासवर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना इथे प्रॉव्हिडंट फंड नाही, पेन्शन नाही. नोकरी गेली की पास जातो आणि महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. म्हणून २०११ च्या सुमारास मी कॅनडातल्या तेल आणि गॅस कंपन्यांचे शेअर्स घ्यायला लागलो. त्यातल्या काही दर महिन्याला डिव्हिडंड द्यायच्या, थेट पगारासारखा. मी हे अनिलला सांगितलं, तर पठ्ठ्याने दोन आठवडे कंपन्यांचे अहवाल वाचून काढले. त्याला पसंत पडल्या त्या पाइपलाइनवाल्या कंपन्या. तेलाचा भाव वर जावो की खाली, पाइपमधून जाणाऱ्याला भाडं द्यावंच लागतं, असं त्याचं साधं गणित होतं. मी हसलो. तेल काढणाऱ्या एका कंपनीचा डिव्हिडंड त्याच्या जवळजवळ दुप्पट होता.

"शेठ, माझा पगार तेलाचा," तो म्हणाला. "आता पेन्शन पण तेलाचीच घेऊ?"

"अरे, मग तुझ्याइतकं तेल कळतं कोणाला?"

हे वाक्य त्याला आवडलं. आवडणार, हे मला माहीत होतं. निम्मे पैसे त्याने पाइपलाइनमध्ये ठेवले आणि निम्मे मी सुचवलेल्या त्या तेल काढणाऱ्या कंपनीत. तिला आम्ही 'शेठची कंपनी'च म्हणायचो. डिव्हिडंड आला की त्याचा मेसेज यायचा, 'शेठची कृपा.'

२०१४ संपता संपता तेलाचे भाव कोसळले. शनिवारच्या गप्पा आखडल्या. कॉफी निवून जायची आणि आम्ही दोघं आपापल्या फोनमध्ये बघत बसायचो. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला त्याने मला सरळ विचारलं, "आमच्याकडे नवीन कामं थांबवलीत. मला वाटतं विकून टाकावं. तू काय करतोयस?"

त्याच्या आदल्याच आठवड्यात मी माझे सगळे शेअर्स विकले होते. टॅम्पिनीसच्या फ्लॅटसाठी पैसे भरायचे होते, हे खरं होतं. पण मी घाबरलो होतो, हे जास्त खरं होतं. ज्याला आग्रह करून घ्यायला लावले, त्याच्यासमोर आपण आधी पळालो हे कबूल करायला जीभ रेटली नाही. मी म्हणालो, "मी धरून आहे. डिव्हिडंड येतोय ना... थांब थोडं."

"तू आहेस ना, मग मीही आहे," असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला.

वर्ष संपेपर्यंत त्या कंपनीने डिव्हिडंड आधी कापला, मग बंद केला. शेअर इतका पडला की त्याचं नाव घ्यायची सोय राहिली नाही. त्यातच अनिलची नोकरी गेली. मैत्रेयीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं, परीक्षा याच वर्षी. मुलगी विद्यार्थ्यांच्या पासवर आणि आई तिच्यासोबत, अशी इथे राहण्याची सोय होते, पण भाडं कुठून भरणार? पाइपलाइनचा डिव्हिडंड चालू होता, पण तो अर्ध्या भाड्यालाही पुरेना. उरलेलं भरायला अनिल आखातात गेला. विमानतळावर त्याने माझा हात दाबला. "घराकडे बघ, शेठ." तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

त्याच्यासाठी झालेल्या बुद्धवंदनेनंतर काही आठवड्यांनी वहिनींनी मला चोआ चू कांगला बोलावलं. शेअर्सचं खातं दोघांच्या नावावर होतं, अनिलचं नाव कमी करण्याचे कागद नुकतेच झाले होते. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. "परीक्षा होईपर्यंतच्या भाड्याचा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "ते म्हणायचे, सुधीर धरून आहे तोवर आपणही धरायचं. तुम्ही अजून धरून आहात ना? मग राहू देते."

मैत्रेयी माझ्याकडे बघत होती. मला एक शब्द पुरला असता, 'हो'. मी म्हणालो, "नाही, वहिनी. मी तेव्हाच विकले होते. त्याने विचारलं त्याच्या आधीच."

त्या आत गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता. बाहेर आल्या तेव्हा आवाज शांत होता, पण मला 'भावजी' म्हणाल्या नाहीत. "तुम्ही खरं सांगितलं असतं तर त्यांनी विकले असते. एवढं मला माहीत आहे." मग खुर्ची ओढून बसल्या. "आता खरं सांगा. विकू की ठेवू?"

"पुढे काय होईल ते मला कळत नाही. पण भाडं यातून द्यायचं असेल तर विका. पाइपलाइनला हात लावू नका."

रात्री साडेनऊला तिकडचा, कॅनडातला बाजार उघडला. मैत्रेयीने कंपनीचं नाव आणि शेअर्सचा आकडा मोठ्याने वाचला, "सेल ऑल" म्हणाली आणि बटणावर बोट ठेवून थांबली. मला वाटलं, तिचा हात धजत नाही.

"काका, यू मस्ट रिपीट ला," ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली.

वहिनींनी सांगितलं, प्लांटमध्ये व्हॉल्व्ह उघडण्याआधी एकाने काय करतोय ते मोठ्याने सांगायचं आणि दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, असा नियम असतो. अनिलने तो घरात आणला होता. गॅसचा सिलिंडर असो की विमानाचं तिकीट, दुसऱ्याने म्हटल्याशिवाय त्या घरात काही होत नाही. दुसरा नेहमी अनिल असायचा.

मी कंपनीचं नाव म्हटलं. आकडा म्हटला. शेवटचे दोन शब्द राहिले, तेव्हा ती पोरगी बोट न हलवता थांबून राहिली... मी ते पूर्ण म्हणेपर्यंत.