निवडुंगाची बर

माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातले दोष काढायचे, हा त्याचा धंदा. कंपनी त्याचा पगार देते, घरी तो हेच काम फुकट करतो. सुरक्षा सप्ताहात त्याला बक्षीस म्हणून निवडुंगाची कुंडी मिळाली. अपघात टाळल्याबद्दल काटेरी झाड द्यायचं ज्याच्या डोक्यात आलं, त्याला माझा नमस्कार.

झाड मात्र मला फार आवडलं. चिखलीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत वॉशिंग मशिन होतं, कपड्यांचा स्टँड होता, माझं म्हणावं असं काहीच नव्हतं. हे कवठाएवढं, हिरवंगार. वरून खाली उतरणाऱ्या उभ्या धारा, धारेवर सारख्या अंतराने कापसाचे ठिपके आणि दर ठिपक्यातून आखूड, ताठ काट्यांचा झुबका. बुडाशी चिकटलेले लहान गोळे जन्मतःच काटे घेऊन आलेले. एकट्याने वाढणं या झाडाला ठाऊकच नाही, सगळा गोतावळा गोळा करून बसतं.

सासूबाई जुन्या चिखली गावातल्या. त्यांनी बघताच नाक मुरडलं. "काट्याचं झाड घरात, म्हंजी भांडणं." भांडणं झाडाच्या कितीतरी आधीपासून चालू होती, पण तसं म्हटलं असतं तर आणखी एक झालं असतं.

मी म्हटलं, "आई, याला वीतभर लांब पांढरं फूल येतं. देवाला वाहू."

"मग ह्यो उन्हाळा बघू. फूल आलं तर ऱ्हाईल, न्हाई आलं तर टाकून दे."

गुरुवारी कंपनीला सुट्टी. नवरा पक्कड घेऊन कुंडीसमोर बसला. लोखंड कापलं की कडेला नकोसा कंगोरा उरतो, त्याला कारखान्यात बर म्हणतात. बर दिसली की त्याच्या हाताला खाज सुटते. "झाड गोल आहे ना, मग हे बाजूला काय वाढलंय?" असं म्हणत त्याने बुडाचे गोळे उडवले. पुन्हा येतील, म्हणून मी गप्प बसले.

चैत्रात झाडाच्या अंगावर, जरा वरच्या बाजूला, कापसातून तीन गाठी निघाल्या. गोळा असतो हिरवा, टणक, काटेरी. या मऊ होत्या, उंदराच्या रंगाच्या लवीने भरलेल्या. कळ्याच त्या! मी कोणाला बोलले नाही. उमललेलं फूल थेट सासूबाईंच्या पूजेच्या ताटात ठेवायचं होतं.

पुढच्या गुरुवारी मी काळेवाडीला बहिणीकडे गेले. परत आले तर नवरा खुशीत. "बघ, कसं साफ केलंय. एक बर ठेवली नाही."

तिन्ही कळ्या फरशीवर पडल्या होत्या. मी इतकी चिडले की रडूच आलं. सासूबाई आतून आल्या. एक कळी उचलून त्यांनी नखाने उकलली. आत पांढऱ्या पाकळ्या एकीवर एक दाबून बसल्या होत्या.

"दिसायला सगळं सारखंच होतं गं आई," नवरा पुटपुटला.

कळ्या वेचून त्यांनी देवापुढे ठेवल्या आणि त्या माझ्याकडे वळल्या. आता झाडही जाणार, असं मी धरूनच चालले होते.

"फूल आलं व्हतं. झाड ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. मग लेकाला, "आन् तू बाल्कनीत पाय ठेवायचा न्हाई."